हजेरीपटावरचे डोळे



वसंतात व्याख्याने ऐकण्याची रीत न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घालून दिली. तेव्हापासून ह्या व्यासपीठावर मोठमोठे पंडित उभे राहिले. आम्ही त्यांतले नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या गेटवर, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या दिव्याखाली झाले. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘काचबिंदू’ असे सांगितले. ते जरा चपापले. त्यांची अपेक्षा बोनसची, फार तर नव्या कामगार संहितांची होती. डोळ्यांच्या रोगावर डॉक्टरांनी बोलावे, युनियनवाल्याने कशाला, असा प्रश्न तुमच्याही मनात असेल. त्याचे उत्तर व्याख्यानातूनच मिळावे अशी आमची खटपट राहील.

प्रथम रोग समजून घेऊ. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे भावाभावांसारखी वाटतात, पण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. माणसाला धूसर दिसू लागते, तो तक्रार करतो, शस्त्रक्रियेने भिंग बदलतात आणि बहुतेकांची नजर परत येते. काचबिंदू भिंगाला हात लावत नाही. तो डोळ्यामागची नस खातो. ह्या नसेत सुमारे दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. डोळ्याने पाहिलेले मेंदूपर्यंत पोहोचवणे हे त्यांचे काम. टेलिफोनच्या जाड केबलमधून एकेक तार तुटत जावी तसे हे तंतू मरत जातात, आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. गेलेली नजर कोणत्याही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने परत आणता येत नाही. उरलेली राखता येते, एवढेच.

हे तंतू मरतात कशाने? डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा स्वच्छ द्रव सारखा तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून निथळून जात असतो. नळ चालू आणि मोरी मोकळी, तोवर सारे ठीक. मोरी तुंबली की डोळ्यात दाब चढतो आणि तो नसेच्या मुळाशी जाचतो. काही जणांत मोरीचे तोंडच अरुंद असते. ते एकाएकी बंद झाले तर डोळा लाल होतो, डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. असा माणूस धावत दवाखाना गाठतो. परंतु पुष्कळांच्या बाबतीत मोरी उघडी दिसते आणि जाळी मात्र हळूहळू निकामी होत असते. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. नजर सहसा कडेकडून जाते आणि समोरचे शेवटपर्यंत स्वच्छ दिसते. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. मेंदूही असा लबाड की मधली रिकामी जागा आजूबाजूच्या चित्राने सारवून टाकतो. घरात चोर शिरला आहे आणि घरधनी पान खात ओसरीवर बसला आहे, असा हा प्रकार.

आता ह्या चोराला पकडणार कसे? इथे आमच्या विषयाचा खरा गाभा आहे. १८५१ साली जर्मनीतील हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण काढले आणि जिवंत माणसाची नस प्रथमच डॉक्टरांच्या दृष्टीस पडली. १८५७ साली बर्लिनच्या ग्रेफेने ह्या रोगावर शस्त्रक्रिया सांगितली. आपल्या देशात मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट ह्याने १९०९ च्या सुमारास डोळ्याला सूक्ष्म भोक पाडून द्रवाला नवी वाट करून देण्याची पद्धत रूढ केली. हे सारे थोर खरे. परंतु ह्या सर्व डॉक्टरांना रोग माहीत होता तो आपल्या दारात आलेल्या रोग्यांवरून. जे दारात आलेच नाहीत, त्यांचे काय?

श्रोतेहो, आम्हां संघटनेच्या माणसांना हा फरक लवकर उमजतो. गेटवरच्या सभेला दोनशे माणसे आली आणि सगळ्यांनी हात वर केले, म्हणजे कारखाना आपल्या बाजूला आहे असे नवखा कार्यकर्ता समजतो. जुना कार्यकर्ता हजेरीपट मागतो. पटावर नावे किती? दोनशे आले, आठशे आले नाहीत. न आलेल्यांच्या मनात काय आहे? लोकांच्या आरोग्याचे शास्त्र म्हणतात ते ह्याच प्रश्नातून जन्मले. दवाखान्याची खुर्ची सोडायची, एक गाव धरायचे, त्या गावचा हजेरीपट करायचा, आणि पटावरच्या प्रत्येकाला, दुखत असो वा नसो, तपासायचे.

काचबिंदूच्या बाबतीत हे काम ज्या मोजक्या ठिकाणी प्रथम नीटपणे झाले, त्यांत वेल्समधील कोळसा खाणींची ऱ्होंडा दरी येते, ह्याचा आम्हांला कामगार म्हणून अभिमान वाटतो. त्या दरीत आर्ची कॉक्रेन ह्या डॉक्टरांनी १९५० पासून खाणकामगारांच्या फुप्फुसांत साठणाऱ्या कोळशाच्या धुळीचा अभ्यास चालवला होता. घरोघरी जाऊन नोंद करावी, एकही माणूस सुटू नये, हा त्यांचा हट्ट. त्याच परंपरेत फ्रेड हॉलोज नावाचा तरुण नेत्रवैद्य येऊन मिळाला. त्याचा जन्म १९२९ चा, न्यूझीलंडमधील ड्युनेडिनचा. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयात शिकून तो वेल्सला आला. ग्रॅहॅम ह्या सहकाऱ्याबरोबर त्याने फर्नडेल गावातील ४० ते ७४ वयाच्या लोकांचे डोळे तपासले. पटावरच्यांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक हजर राहिले! आमच्या कोणत्याही सर्वसाधारण सभेला इतकी हजेरी आम्ही पाहिलेली नाही.

१९६६ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि एक जुनी समजूत डळमळली. तोवर डॉक्टर मानीत की डोळ्याचा दाब पाऱ्याच्या २१ मिलिमीटरांवर गेला म्हणजे काचबिंदू, आणि खाली असला म्हणजे निर्धास्त. फर्नडेलच्या पटाने दाखवले की दाब जास्त असलेल्यांपैकी बहुतेकांची नस शाबूत होती, आणि ज्यांची नस झिजली होती त्यांतल्या बऱ्याच जणांचा दाब नेहमीइतकाच होता. म्हणजे एका आकड्यावर विसंबून कोणाला रोगी ठरवता येत नाही आणि कोणाला निरोगीही ठरवता येत नाही. नस स्वतः पाहिली पाहिजे, नजरेचे क्षेत्र मोजले पाहिजे. हे ज्ञान दवाखान्यात बसून मिळाले नसते, कारण दवाखान्यात निरोगी माणूस येतच नाही.

हॉलोजची पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. १९६५ साली तो सिडनीच्या विद्यापीठात गेला. तेथे १९६६ पासून गुरिंजी जमातीचे गुराखी मजुरीसाठी आणि जमिनीसाठी संपावर होते. त्यांच्या वस्तीवर जाऊन त्याने डोळे तपासले आणि श्रीमंत देशात खुपऱ्यांनी आंधळी होणारी माणसे पाहून तो संतापला. १९७१ साली सिडनीतील रेडफर्न ह्या भागात आदिवासींचा स्वतःचा दवाखाना उभा राहिला, त्यात त्याचा हात होता. १९७६ पासून त्याच्या नेतृत्वाखाली खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले. पुढे नेपाळ व एरिट्रिया येथे डोळ्यात बसवायची भिंगे स्वस्तात तयार व्हावीत म्हणून त्याने खटपट केली. १९९३ साली तो वारला. काचबिंदूची मोजदाद करणारा माणूस शेवटी मजुरी, जमीन आणि भिंगाचा कारखाना ह्या प्रश्नांपर्यंत पोहोचला. ह्यात नवल नाही. पट घेऊन घरोघर फिरणाऱ्याला घरेही दिसतात.

आता आपल्या देशात येऊ. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपण १९७६ साली सुरू केला. तो मुख्यतः मोतीबिंदूचा होता, आणि ते योग्यच होते. २०१५ ते २०१९ ह्या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या लोकांतील अंधत्वाची कारणे मोजली, त्यांत मोतीबिंदू ६६.२ टक्के निघाला आणि काचबिंदू ५.५ टक्के. कोणी म्हणेल, मग एवढ्याशा साडेपाच टक्क्यांसाठी व्याख्यान कशाला? दोन कारणे आहेत. मोतीबिंदूचा आंधळा उद्या शस्त्रक्रिया करून कामावर जाईल, काचबिंदूचा आंधळा जाणार नाही. आणि दुसरे असे की, अशा पाहण्यांत मुख्यतः समोरची अक्षरे किती दुरून वाचता येतात हे पाहतात. ज्याची कडेची नजर गेली पण समोरचे अक्षर दिसते, असा माणूस त्या गाळणीतून सुखरूप खाली उतरतो.

खरी मोजदाद काही संस्थांनी केली. चेन्नईत शंकर नेत्रालयाच्या डॉ. लिंगम विजया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००४ च्या दरम्यान चाळिशीपुढच्या माणसांना तपासले. खेड्यांतील ३,९२४ माणसांत उघड्या मोरीचा काचबिंदू ६४ जणांना निघाला. त्या ६४ पैकी आपल्याला हा रोग आहे हे आधी ठाऊक असलेले किती होते? एक! शहरातील ३,८५० माणसांत तोच रोग १३५ जणांना निघाला, म्हणजे प्रमाण खेड्याच्या दुपटीहून अधिक. त्यांतल्याही १२७ जणांना कल्पना नव्हती. मोठमोठी रुग्णालये दाराशी असलेल्या शहरात ही गत. २०१० च्या सुमारास तज्ज्ञांनी असा अंदाज बांधला की, भारतात चाळिशीपुढचे १ कोटी १२ लाख लोक काचबिंदूने ग्रस्त असावेत. त्यांतले बहुसंख्य आजही ओसरीवर पान खात बसलेले आहेत, असे समजायला हरकत नाही.

महाराष्ट्राने ह्यात काय केले? इथे आम्हांला नागपूरकडे बोट दाखवावेसे वाटते. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया ह्यांनी जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे डॉ. योस्ट योनास ह्यांच्या साहाय्याने २००६ ते २००८ ह्या काळात एक मोठी पाहणी केली. ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ हे तिचे नाव. नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरांवरची आठ खेडी त्यांनी धरली. आदिवासी भागातली, शेतीवर पोट भरणारी खेडी. तीस वर्षांवरच्या माणसांचा पट केला तेव्हा ५,८८५ नावे झाली. त्यांतली ४,७११ माणसे तपासणीला आली. शंभरांत ऐंशी. आणि त्यांत बाया पुरुषांपेक्षा जास्त होत्या.

मंडळी, ह्या ऐंशी टक्क्यांचे मोल आमच्यासारख्यांना विचारा. एका माणसाला त्याच्या फायद्यासाठीसुद्धा हातातले काम टाकून यायला लावणे किती कठीण असते! त्याचा दिवस बुडतो. तो म्हणतो, मला चांगले दिसते, मग कशाला येऊ? शेजारी म्हणतो, सुई टोचतील, रक्त काढतील. ह्या सगळ्यांतून ४,७११ माणसे आली ती कोणाच्या हुकमाने आली नव्हती. जी १,१७४ आली नाहीत त्यांचा आकडाही अभ्यासकांनी उघड छापला. पट लपवायचा नाही, गैरहजर दाखवायचे, हा ह्या शास्त्राचा धर्म आहे. आमच्या चळवळीनेही तो उचलावा.

ह्या पाहणीत डोळ्याचा दाब घेतला, नसेच्या मुळाची छायाचित्रे काढली, भिंगे पाहिली. शिवाय उंची, वजन आणि रक्तदाब घेतला, खाणेपिणे, शिक्षण, तंबाखू, मनाची उदासी ह्यांविषयी प्रश्न विचारले. नावातच डोळ्यांबरोबर ‘मेडिकल’ हा शब्द आहे तो ह्यासाठी. डोळा हा काही खुंटीला टांगलेला अवयव नाही. तो कष्ट करणाऱ्या, कमी खाणाऱ्या, काळजी करणाऱ्या देहात बसवलेला आहे.

ह्यांतला एकच निष्कर्ष आम्ही तुमच्यापुढे ठेवतो, कारण त्यात आमच्या मते मोठा धडा आहे. डोळ्याची पुढची काच, जिला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, तिची जाडी ह्या खेड्यांत सरासरी ५१४ मायक्रॉन भरली, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. युरोपीय वंशाच्या लोकांत ती सामान्यतः ५४० च्या आसपास असते. तुम्ही म्हणाल, सव्वीस मायक्रॉनांनी काय आभाळ कोसळले? पण डोळ्याचा दाब मोजतात तो ह्याच काचेवर उपकरण टेकवून. काच जाड असेल तर उपकरण दाब आहे त्याहून जास्त सांगते, पातळ असेल तर कमी सांगते. नागपूरकडच्या खेडुतांचा दाब सरासरी १३.६ भरला. तो आकडा परदेशी पुस्तकातल्या कोष्टकाशी ताडताना ही पातळ काच ध्यानात घेतली नाही, तर एखाद्याचा चढलेला दाब ‘ठीक’ म्हणून सुटून जाईल. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा आपल्याला बसत नाही हे शिंप्याला कळते. आपली मापे आपण घेतली पाहिजेत. ती घेण्यासाठी विदर्भातल्या एका नेत्रवैद्याने वर्षानुवर्षे आठ खेडी पालथी घातली, ह्याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋण मानले पाहिजे.

आता नागपूरची खेडी आणि आमची ठाणे-बेलापूर पट्टी ह्यांचा संबंध सांगतो. इथे एमआयडीसीत यंत्रांवर उभी असलेली माणसे आहेत, वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणारे माथाडी आहेत, न्हावा-शेव्याच्या बंदराकडे रात्रंदिवस ट्रेलर हाकणारे चालक आहेत. ह्यांचा डोळ्यांचा हजेरीपट कोणी केला आहे? आमच्या पाहण्यात तरी असा पट आलेला नाही.

ह्या पट्ट्यातल्या एका कारखान्यातले उदाहरण सांगतो. कारखान्याचे आणि माणसाचे नाव घेत नाही. पन्नाशीचा एक क्रेनचालक. दरवर्षी तपासणी होई. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, एक डोळा झाकून वाच, दुसरा झाकून वाच. गडी खालची ओळ घडाघडा वाचून दाखवी. शेरा पडे, ‘नजर उत्तम’. इकडे तो जिन्याची शेवटची पायरी चुकू लागला, जेवताना शेजारचा पाण्याचा पेला त्याच्या हाताने पडू लागला. सोबती थट्टा करीत. त्याने कोणाला काही सांगितले नाही. क्रेनवरच्या माणसाने नजरेची तक्रार करायची म्हणजे आपल्याच हाताने राजीनामा लिहायचा, हे त्याला पक्के ठाऊक होते. शेवटी हूक एका खांबाला घासून गेला. सुदैवाने खाली कोणी नव्हते. मोठ्या रुग्णालयात तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांची कडेची नजर जवळजवळ संपलेली निघाली. बोगद्यातून पाहावे तसे त्याला दिसत होते, आणि त्या बोगद्याच्या टोकाला तो अक्षरांचा तक्ता मात्र स्वच्छ होता!

व्यवस्थापनाने वैद्यकीय अपात्रतेची नोटीस काढली. त्याला क्रेनवर ठेवा असे आम्ही म्हटले नाही, म्हणणारही नव्हतो. खाली काम करणारेही आमचेच सभासद. आमचे म्हणणे एवढेच होते की, त्याला भांडारात काम द्या आणि पगार कमी करू नका. कायदा कसा होता पाहा. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या ४७ व्या कलमाने आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमाने, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला कामावरून काढू नये, जमेल ते दुसरे काम द्यावे, असे बजावले. परंतु हे संरक्षण सरकारी आस्थापनांना. खाजगी कारखान्यातल्या कामगारासाठी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात उलटीच पाचर होती. सततच्या अनारोग्यामुळे कमी केले तर ती कामगारकपातच नव्हे, असे त्याच्या व्याख्येत लिहिले होते. म्हणजे जो सर्वांत असहाय, त्याच्याच अंगावरचे छत्र काढलेले. दहा महिने बोलणी झाली. शेवटी भांडारात जागा मिळाली. मूळ पगार टिकला, क्रेनचा भत्ता गेला. त्याहून मोलाची गोष्ट दुसरीच घडली. हा रोग घराण्यात उतरतो असे डॉक्टरांनी सांगितल्यावरून त्याच्या धाकट्या भावाला तपासले. त्याच्यातही रोग निघाला, पण अगदी आरंभीचा. तो आज रोज डोळ्यांत थेंब घालतो, ट्रक चालवतो आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी नजरेचे क्षेत्र मोजून घेतो.

दोघे भाऊ एका रक्ताचे. फरक एवढाच की धाकट्याला वेळेवर कळले. कळण्यासाठी लागले काय? नस पाहणारा एक डॉक्टर, आणि सांगितले तर पोट जाणार नाही ही खात्री. बंधुभगिनींनो, ह्यांतली पहिली गोष्ट वैद्यकाची आहे, दुसरी आमची. दुसरीवाचून पहिली लुळी पडते, म्हणून आज आम्ही इथे उभे आहोत. भीतीने माणूस डोळा लपवतो. तो लपवला की शास्त्राच्या हजेरीपटावर तो गैरहजर लागतो.

मग करावे काय? रस्त्यावर मंडप घालून सरसकट सगळ्यांचा दाब मोजावा, असे कोणी म्हणतात. जाणकार त्याला फारसे अनुकूल नाहीत, आणि त्यांचे कारण आम्हांला पटते. फर्नडेलने दाखवलेच आहे की, एकट्या दाबाच्या आकड्याने निरोगी घाबरतात आणि रोगी निर्धास्त होतात. त्यापेक्षा जो माणूस कोणत्याही निमित्ताने डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला आहे, त्याची पुरी तपासणी होऊ द्या. चाळिशी लागली की जवळचे दिसेनासे होते, चष्मा करायला प्रत्येकजण जातोच. ती संधी आहे. नुसता नंबर काढून घरी येऊ नका. डॉक्टरांना सांगा, दाब बघा आणि बाहुली मोठी करून नसही बघा. ज्यांच्या आईबापांना वा भावंडांना काचबिंदू आहे, त्यांनी तर चाळिशीचीही वाट पाहू नये.

कारखान्यांसाठी आमची मागणी नेमकी आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ३५ वे कलम डोळ्यांच्या रक्षणाचे होते. ठिणग्या आणि उडणारे कण ह्यांपासून गॉगल द्यावा, इतकीच त्याची झेप. आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणल्याचे सरकारने जाहीर केले आहे. ह्या संहितांशी आमचे भांडण आहे आणि ते चालू राहील. पण चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करावी, असे सरकारने त्याच वेळी जाहीर केले आहे. हा शब्द आपण घट्ट धरला पाहिजे. त्या तपासणीत नुसता अक्षरांचा तक्ता नको, डोळ्याचा दाब आणि नस हवी. चालक आणि क्रेनवाले ह्यांच्या नजरेचे क्षेत्र मोजले जावे. आणि प्रत्येक करारात एक कलम असावे की, तपासणीत दोष निघाला तर कामगाराला दुसरे काम त्याच पगारावर मिळेल. हे कलम नसेल तर तपासणी म्हणजे सापळा, असे कामगार समजेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आणखी एक गोष्ट वेल्डर बंधूंसाठी. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, तेव्हा तुम्ही औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणता. लगेच आराम पडतो, मग दर वेळी तीच बाटली. त्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. काही माणसांत ते फार दिवस घातले तर डोळ्याचा दाब चढतो आणि काचबिंदू होतो. आराम देणारा थेंबच घात करतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती बाटली घेऊ नका. आणि ज्यांना काचबिंदूसाठी रोजचे थेंब दिले आहेत, त्यांनी बरे वाटते म्हणून ते सोडू नका. ह्या रोगात बरे वाटणे आणि वाईट वाटणे दोन्ही खोटे असते.

श्रोतेहो, फर्नडेलच्या गावात, चेन्नईच्या गल्ल्यांत आणि नागपूरजवळच्या आठ खेड्यांत जे झाले ते एकाच कल्पनेवर झाले: न बोलणाऱ्याची नोंद घेणे. ह्या पट्ट्यात तशी नोंद व्हावी अशी आमची इच्छा आहे. आम्ही डॉक्टर नाही, यंत्रे आमच्यापाशी नाहीत. पण हजेरीपट आमच्यापाशी आहे. कोण कोणत्या खोलीत राहतो, कोणत्या पाळीला जातो, कोणाचा बाप आंधळा होऊन वारला, हे आमच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असते. एखाद्या नेत्रसंस्थेने पुढे यावे. पटावरची माणसे आणून उभी करण्याचे काम आमचे. शंभरांत ऐंशी नागपूरने आणली. आम्ही त्याहून एक तरी जास्त आणू, असा शब्द ह्या व्यासपीठावरून देतो आणि तुमची रजा घेतो.